स्पीकरच्या मागची खुर्ची

अप्पाराव पुन्हा जालन्याला निघाले तेव्हा बेबीनंदाबाईंनी डबा भरून दिला, पाण्याची बाटली पिशवीत कोंबली आणि या खेपेला काही विचारलं नाही. आधीच्या खेपांना त्या दारापर्यंत यायच्या आणि विचारायच्या, आज तरी घेऊन येणार का म्हणून. दर वेळी अप्पाराव "बघू" म्हणायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने, सुजलेले गुडघे घेऊन परत यायचे. आता विचारणंसुद्धा जिवावर आलं होतं. विचारणारी दमली होती आणि उत्तर देणारा तर त्याच्याही आधी दमला होता.

अंकुशनगरहून अंबड, अंबडहून जालना. एस.टी. वेळेवर आली, जागाही मिळाली, तरी अप्पारावांना बरं वाटेना. खिडकीतून उसाचे फड मागे जात होते. पूर्वी फड दिसला की ते मनातल्या मनात टन काढायचे. आज त्यांनी डोळे मिटून घेतले.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली होती. उसाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची, मोकळी होऊन आली की पुन्हा तोलायची, आणि दोन्हींमधला फरक म्हणजे ऊस. माणूस आयुष्यभर हेच करत राहिला की जगातली कुठलीही वस्तू त्याला एकदा भरलेली आणि एकदा रिकामी बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बेबीनंदाबाई म्हणायच्या, बरं झालं, मला बघायला आले तेव्हा हे काट्यावर लागले नव्हते.

पण काटा हा पोटाचा उद्योग. अप्पारावांचा खरा जीव होता तो गायन पार्टीत. पार्टी त्यांच्या थोरल्या भावाची, वसंतादादाची. वसंतादादा गवंडी होता. दिवसभर विटा रचायचा आणि संध्याकाळी हात धुऊन पेटीवाल्याच्या घरी जाऊन बसायचा. जयंतीचा मोसम लागला की पार्टीला घर दिसत नसे. घनसावंगी, परतूर, अंबड, मधली सगळी खेडी; एप्रिलात सुरू झालेली जयंती जूनपर्यंत कुठं ना कुठं चाललेलीच असायची. दादा माइकपुढे उभा राहायचा. एका बाजूला पेटी, एका बाजूला ढोलकी, आणि मागे अर्धगोलात कोरस. कोरसात अप्पाराव. पहिल्या कार्यक्रमापासून शेवटच्या कार्यक्रमापर्यंत कोरसातच. त्यांनी कधी पुढे यायचं मनात आणलं नाही, आणि आणलं असतं तरी त्यांचा दमा त्यांना येऊ देता ना. दमा लहानपणापासूनचा. सबंध कडवं एका दमात म्हणणं त्यांच्या छातीला झेपत नसे, पण ध्रुवपद उचलायला छाती पुरायची.

कोरसाकडे कुणी बघत नाही. पार्टीचे जेवढे म्हणून फोटो आहेत त्यांत अप्पाराव म्हणजे दादाच्या खांद्यामागून दिसणारा एक कान. आणि दादाही मागे वळून बघायचा नाही. गाणारा मागे बघायला लागला की लोक म्हणतात याला गाणं येत नाही. तो आपला डावा हात पाठीमागे घ्यायचा, मूठ मिटलेली. कडवं संपत आलं की मूठ उघडायची, आणि ती उघडली की कोरसानं उचलायचं. लोकांना पुढून कधी दिसलं नाही, पण सगळी पार्टी त्या मुठीवर चालायची.

गेल्या साली वसंतादादा गेला. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली आणि कप खाली ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, दादासाठी सगळे जमले तेव्हा, कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की दादाचंच गाणं लावू. दादाचं एकच धड रेकॉर्डिंग होतं, घनसावंगीच्या कार्यक्रमातलं, साउंडवाल्याने मशीनवरून कॅसेटमध्ये उतरवून घेतलेलं. ज्योत्स्नाने, म्हणजे अप्पारावांच्या लेकीने, ते पुढं मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हवर घेतलं होतं. मंडपात भाड्याचे डीजेचे बॉक्स होते, माणसाएवढे. त्यातून दादाचा आवाज आला तो छातीवर धपधप बुक्के मारत. शब्द कळेना, सूर कळेना. लोक तरी डोळे पुसत होते. अप्पाराव उठले, चपला पायात अडकवल्या आणि शेताकडे चालते झाले. ज्यानं आयुष्यभर गळा जपला त्याचा गळा असा आवळलेला त्यांना बघवला नाही.

त्या रात्री जेवले नाहीत. आणि ज्योत्स्ना, जी जालन्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवते आणि बापासारखीच एकदा मनात घेतलं की सोडत नाही, म्हणाली की आपण घरी चांगले स्पीकर घेऊ, जगात असतील तेवढे चांगले. पैशाचं माझ्याकडं. पहिल्या स्मृतिदिनाला मोठ्या पप्पांचा आवाज घरात जसा होता तसा निघाला पाहिजे. अप्पारावांनी मान हलवली. त्यांना आयुष्यात दुसरं काही मागायचं राहिलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, दादा होता तसा ऐकायचा होता.

आता हे मागणं साधं वाटतं. पण ज्याने कुणी महागडे स्पीकर घ्यायचं मनावर घेतलंय त्याला विचारा. आधी ज्योत्स्ना मोबाइलवर बघायला लागली. तिथं जगभरचे पंडित बसलेले. एक म्हणतो हा स्पीकर म्हणजे स्वर्ग, त्याच स्पीकरला दुसरा म्हणतो की डब्यात दगड घालून हलवा. कुणी म्हणतं लहान खोलीला लहान बघा, कुणी म्हणतं लहान घेऊन रडत बसाल. महिनाभर बघून तिला एवढंच कळलं की आपल्याला काही कळत नाही. मग कुणीतरी आमेरचं दुकान सांगितलं.

आमेरचं दुकान जालन्यात, वरच्या मजल्यावर. जिना चढून गेलं की अप्पारावांना दोन मिनिटं भिंत धरून उभं राहावं लागायचं. आत गालिचा, जाड पडदे, एक मऊ सोफा आणि समोर लोखंडी स्टँडांवर स्पीकरांचे जोड मांडलेले. आमेरचे आजोबा भोंगे भाड्याने द्यायचे, वडील टेपरेकॉर्डर विकायचे, आणि आमेर आता बंगलेवाल्यांच्या घरी सिनेमाच्या खोल्या बसवून द्यायचा. पोरगा गोड बोलणारा, पण फसवणारा नव्हता. घाई तर त्याला मुळीच नव्हती, आणि अप्पारावांसारख्या गिऱ्हाइकापुढं ते त्याचं भाग्यच म्हणायचं.

पहिल्याच भेटीत अप्पारावांनी विचारलं होतं की याला बुकशेल्फ का म्हणतात. आमेर म्हणाला, पुस्तकांच्या कपाटात मावतात म्हणून. मग आमच्याही कपाटात ठेवू, अप्पाराव म्हणाले. छे छे, आमेर म्हणाला, कपाटात ठेवलं तर आवाज घुमतो, भिंतीलासुद्धा चिकटवायचं नाही, मागे हे भोक आहे ना, त्यातून हवा बाहेर पडते, तिला मोकळी जागा पाहिजे. म्हणजे नाव कपाटाचं, आणि कपाट सोडून कुठंही ठेवा. अप्पारावांनी भोकात बोट घालून बघितलं. मोठ्या किमतीच्या वस्तूंना असले नखरे असायचेच, हे त्यांनी कारखान्याच्या साहेबांच्या गाड्यांवरून ओळखलं होतं.

तीन जोड शेवटी निवडीत राहिले. एक काळा, एक पांढरा, एक अक्रोडाच्या लाकडाच्या रंगाचा. अप्पारावांनी तोलायला सुरुवात केली आपल्या पद्धतीनं. आधी स्पीकर चालू करायचा आणि गाणं लावायचं नाही. नुसतं ऐकायचं. खोलीचा आवाज, खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा, आपल्याच छातीतली घरघर. हे झालं रिकामं वजन. मग दादाचं गाणं. आमेरला पहिल्यांदा वाटलं म्हातारा थट्टा करतोय, पण मग त्यालाही सवय झाली. स्पीकर लावला की तो आपणहून हात बांधून गप्प उभा राहायचा.

गाणं दादानं स्वतःच बांधलेलं. रस्त्यावर खडी फोडणारी माय, जी संध्याकाळी पोरांच्या पाट्या ओल्या फडक्यानं पुसून ठेवते, तिच्यावरचं. तीन कडवी, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी "माय" हा शब्द. हा "माय" दादा लांबवायचा. तिसऱ्या कडव्याला तर असा लांबवायचा की पुढे बसलेले लोक जागेवरून उठायचे, नोटा काढायचे. अजूनही घनसावंगीकडं म्हातारी माणसं सांगतात की वसंताचा "माय" ऐकायला आम्ही बैलगाडी जुंपून जायचो.

काळ्या जोडातून दादाचा आवाज कापडासारखा स्वच्छ धुतलेला निघाला. पांढऱ्यातून जरा जाड, उबदार. अक्रोडीतून तर विचारू नका. दोन शब्दांच्या मध्ये दादानं ओठ मिटले तेही ऐकू आलं. डोळे मिटले तर माणूस सोफ्यापुढं उभा. आमेर म्हणाला, "चाचा, तिसऱ्याला जे खेचलंय न, बिलकुल कमाल. आजकल कोण खेचतंय असं." अप्पाराव सगळं ऐकून घ्यायचे, गुडघ्यांवर हात ठेवून उठायचे आणि म्हणायचे की पुढच्या खेपेला बघू.

का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. तीच तर खरी दमणूक होती. वाईट वस्तूला वाईट म्हणता येतं. इथं प्रत्येक जोड चांगला, प्रत्येकात आवाज दादाचा, आणि तरी दोन वजनांमधला फरक काढायला जावं तर हाती शून्य. भरलेली गाडी आत गेली, रिकामी बाहेर आली, आणि ऊस कुठं गेला ते कळेना. बसमध्ये परत येताना त्यांना वाटायचं, आपलेच कान गेले. नाहीतर दादा गेला तसा तो कुठल्याच पेटीतून आता यायचा नाही, आणि आपण उगीच लेकीला आणि त्या पोराला पिदडतोय. स्मृतिदिन जवळ येत चालला होता. घरी येऊन ते चपला काढायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे.

या खेपेला ज्योत्स्ना कॉलेजातून अर्धी रजा टाकून आली होती. पेपर तपासून तिचे डोळे लाल झालेले. आमेरनं काळा लावला, मग पांढरा, मग अक्रोडी. मग पुन्हा काळा. चौथ्यांदा "माय" ऐकल्यावर तिचा धीर सुटला. ती काही ओरडली नाही, ओरडायचा तिचा स्वभाव नाही. तिनं नुसतं पर्सचा पट्टा हाताला गुंडाळत विचारलं,

"पप्पा, आवाज मोठ्या पप्पांचाच हाय ना?"

"त्याचाच हाय."

"मंग काय कमी हाय? सांगा तरी. तुम्ही सांगत न्हाई अन् मी येडी होऊन राह्यले."

अप्पारावांनी समोरच्या स्पीकरांकडे बोट केलं. मग म्हणाले, "तो दुसऱ्याच कुणासाठी गाऊन राह्यला, पोरी."

आमेरनं चहा सांगितला.

चहा यायच्या आधी गिऱ्हाईक आलं. एक जोडपं, नवा बंगला बांधलेलं, हॉलसाठी काहीतरी बघायला. बाईंच्या हातात पडद्याच्या कापडाचे नमुने होते. खोलीत सोफा एकच. अप्पाराव उठले. आमेर म्हणाला, चाचा, तुम्ही बसा. अप्पाराव म्हणाले की बसून बसून पाठ मोडली, यांना बसू दे. खरं म्हणजे त्यांना आता तिथं बसायचंच नव्हतं. एकही गाणं ऐकायची, एकही जोड तोलायची ताकद राहिली नव्हती. ते स्पीकरांना वळसा घालून मागच्या भिंतीकडं गेले. तिथं रिकामे खोके रचलेले होते. त्यातला एक जाड बघून ते त्यावर टेकले, भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. समोर अक्रोडी जोडाची पाठ, ती दोन भोकं, खाली लोंबणाऱ्या वायरी.

बाई म्हणाल्या, जिन्यात आम्ही एक गाणं ऐकलं, तेच लावा की. आमेरनं अप्पारावांकडं बघितलं. त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच हात हलवला, लाव म्हणून.

अक्रोडीवर गाणं सुरू झालं. आणि पहिल्या ओळीला अप्पारावांनी डोळे उघडले.

आवाज दबलेला होता. शब्दांच्या कडा गेलेल्या, वरची सगळी चमक गेलेली. जे काही झगमगतं होतं ते पुढे सोफ्याकडं निघून जात होतं, आणि मागे उरत होती ती नुसती छाती. दादाची छाती. गाण्याच्या आतून येणारी ती खर्जाची थरथर, जी अप्पारावांनी आयुष्यभर दादाच्या पाठीतून ऐकली होती. भोंगे झाडाला बांधलेले असायचे, तोंडं लोकांकडं. दादाचं तोंडही लोकांकडं. सगळ्या जिल्ह्यानं वसंता पुढून ऐकला होता आणि एकट्या कोरसानं मागून. अप्पारावांना आपला भाऊ पुढून कसा ऐकू येतो हे माहीतच नव्हतं. तो सोफ्यावर बसून ऐकलेला स्वच्छ, सुंदर, धुतलेला माणूस कुणाचा का असेना, त्यांच्या ओळखीचा नव्हता.

आता त्यांना घामानं भिजलेला सदरा दिसला. मानेवरचा सिमेंटचा राखाडी डाग दिसला, जो दादाच्या कधी लक्षात यायचा नाही. पाठीमागे घेतलेला डावा हात दिसला.

पहिलं कडवं संपलं, "माय" आला, आणि दादानं तो लांबवला. सोफ्यावरची बाई हळूच "वा" म्हणाली. आणि मागे खोक्यावर बसलेल्या अप्पारावांच्या छातीनं, त्यांनी न सांगता, श्वास ओढायला सुरुवात केली. कारण ते लांबवणं लोकांसाठी नव्हतंच कधी. अप्पारावांना कोरसात शिरण्याआधी दम भरायला वेळ लागायचा. बाकीचे तिघं तयार असायचे आणि हे अजून हवा गोळा करत असायचे. दादाला पाठीमागचा तो फुसफुसणारा श्वास ऐकू यायचा. मागे वळून तर बघायचं नाही. मग तो शेवटचं अक्षर धरून ठेवायचा, धाकट्याची छाती भरेपर्यंत, आणि ती भरली की मूठ उघडायचा. यावर दोघं भाऊ कधी एक शब्द बोलले नाहीत. लोक त्याला आलाप म्हणाले, कमाल म्हणाले, नोटा देऊन गेले, आणि इतकी वर्षं सगळ्यांचं ऐकून ऐकून अप्पारावसुद्धा त्याला आलापच समजायला लागले होते.

दादा त्यांच्यासाठी थांबत होता. अप्पारावांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. पुसायलाही ताकद लागते.

गाणं संपल्यावर ज्योत्स्ना मागे आली. बापाचा चेहरा बघून ती घाबरली, तिला वाटलं दम लागला. त्यांनी तिला शेजारच्या खोक्यावर बसवलं आणि आमेरला म्हणाले की आता काळा लाव, मी इथंच बसतो. मग पांढरा. तिन्ही मागून ऐकले. जोडपंही बिचारं सोफ्यावर बसून तेच गाणं तिसऱ्यांदा ऐकत राहिलं. त्यांना वाटलं असावं की दुकानात असंच असतं.

"मागून तर तिन्ही सारखेच," अप्पाराव म्हणाले.

"पीछे से सब बराबरच असतात, चाचा," आमेर म्हणाला. "पैसे लागतात ते समोरचे." मग त्याच्या ध्यानात आलं तसा तो प्रामाणिकपणे म्हणाला की चाचांना मागेच बसायचं असेल तर इतका खर्चा करायची गरज नाही, साधा जोडही चालेल, तो कपाटातून काढून दाखवतो.

ज्योत्स्नाला आता कुठं उलगडा झाला होता. इतक्या महिन्यांची कटकट, बसचे हेलपाटे, आणि उत्तर हे. तिला हसावं की रडावं कळेना. ती म्हणाली, ठीक आहे, साधाच घेऊ, पप्पांना पाहिजे ते मिळालं म्हणजे झालं. पण अप्पारावांनी मान हलवली. ते उठले, गुडघे सरळ व्हायला वेळ घेतला आणि स्पीकरांना वळसा घालून पुढे आले. सोफ्यावरच्या बाईंना त्यांनी विचारलं, ताई, तिन्हींत चांगला कोणता वाटला. बाई म्हणाल्या, पहिला, हा लाकडी. माणूस समोर उभा होता.

"मंग हाच," अप्पाराव आमेरला म्हणाले. "समोर बसलेल्याला बराबर ऐकू आलं पाहिजे. आमचं काय, आम्ही मागचे."

स्मृतिदिनाच्या आधल्या दिवशी आमेरनं स्वतः येऊन जोड बसवून दिला. हॉल लहान. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, तशी निम्मी खोली अडली. आमेर म्हणाला, भोकाला एवढी जागा लागत नाही, थोडे मागे घेऊ. अप्पाराव म्हणाले, जागा भोकासाठी नाही. आणि त्यांनी स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची आणून स्पीकर आणि भिंत यांच्या मध्ये ठेवली. शेजारचे धर्मराजभाऊ डोकावून गेले. म्हणाले, एवढी भारी वस्तू आणली अन् तुम्ही तिच्या पाठीमागं काय करून राह्यले. अप्पारावांनी खुर्ची हलते का ते बघितलं. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला समजावत बसायचं त्यांचं वय गेलं होतं.

आमेर चहा पिऊन गेला. दुपार होती. बेबीनंदाबाई उद्याच्या खिरीचे तांदूळ निवडत होत्या, ते ताट घेऊन त्या हॉलमध्ये समोर खाली बसल्या. कार्यक्रमात त्या अशाच बसायच्या, बायकांत, पहिल्या रांगेत. ज्योत्स्नानं गाणं लावलं. पहिल्या ओळीला बेबीनंदाबाईंचे हात ताटात थांबले. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, थोरल्या दिरापुढं घेतात तसा.

पहिल्या कडव्याला अप्पाराव नुसते बसून होते. दुसऱ्याला त्यांचे ओठ हलले पण आवाज निघाला नाही. बेबीनंदाबाईंना स्पीकरांच्या मधून त्यांचा एक कान आणि पांढऱ्या केसांची कड दिसत होती. त्या म्हणाल्या, "पुढं या की. इथं भावजी सामने उभे हाय."

"तू ऐक," मागून आवाज आला. "मला इथंच दिसतो."

तिसरं कडवं. घनसावंगीच्या त्या कार्यक्रमाला तिसऱ्या कडव्याच्या वेळी अप्पारावांना खोकल्याची उबळ आली होती. रेकॉर्डिंगमध्ये ती ऐकू येत नाही, कारण कोरसाचा माइक लांब होता. त्या दिवशी दादानं "माय" नेहमीपेक्षा फार लांब धरला. इतका लांब, की अप्पाराव तेव्हा मनात चिडले होते. उबळ केव्हाच गेली होती, छाती भरली होती, ते तयार होते, आणि दादा मूठ उघडायला तयार नाही. एवढा का आपला दम गेलाय, असं त्यांना वाटलं होतं. तेव्हा ते तरणेबांड होते.

आता "माय" सुरू झाला आणि अप्पारावांनी श्वास ओढायला घेतला. छातीत शिट्ट्या वाजल्या. अर्धा श्वास आला आणि अडला. दादा धरून होता. त्यांनी पुन्हा ओढला. खुर्चीचे हात घट्ट धरले, मान वर केली. ज्योत्स्ना उठायला लागली तशी बेबीनंदाबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. दादा अजून धरून होता. शेवटची हवा आत गेली, छाती भरली, आणि त्याच क्षणी कोरस उचलला गेला. कॅसेटमधले तिघं, कॅसेटमधला तरणा अप्पाराव, आणि स्पीकरच्या मागच्या खुर्चीतून हा म्हातारा, फाटक्या आवाजात, पण बरोबर वेळेवर.

तेव्हा एवढा वेळ लागत नव्हता. आता लागतो. दादा तेव्हाच एवढा थांबला होता.